राखणदारापाशी उगवलेलं झाड

माझं नूडलचं दुकान रस्त्याच्या अलीकडे आणि पिम्पाचं गांज्याचं पलीकडे, अगदी समोरासमोर. मधून उसाचे ट्रक जातात, कसाव्याची मुळं भरलेले ट्रॅक्टर जातात, आणि वर्षातले बरेच महिने वारा तिच्याकडून माझ्याकडे वाहत असल्यामुळे सगळी धूळ माझ्या पातेल्यात पडते. पाऊस सरला की वारा फिरतो. मग धूळ तिच्या अंगणात जाते आणि मी खुशाल हसते. या धुळीवरून आम्ही दोघी तरुण असल्यापासून भांडत आलो आहोत. "तुझा वारासुद्धा माझ्यावर जळतो, पिम्पे," असं मी म्हणायचे. "धूळ पडली नाही तर तुझ्या रश्श्याला चव कुठून यायची, लामाई?" असं ती म्हणायची. एवढं बोलली की तिचा दिवसभराचा शब्दांचा साठा संपला.

मी तोंडाळ आणि ती मुकी, म्हणूनच आमचं जमलं असावं. तिचा नवरा तैवानला इमारती बांधायला गेला, काही वर्षं पैसे पाठवत राहिला आणि मग त्याने तिकडेच दुसरा संसार थाटला. हे तिला फोनवर कळलं तेव्हा मी तिथेच होते. तिने फोन ठेवला, टोपलीतला चिकट भात ताटलीत काढला आणि दाओला म्हणाली, "जेव." दाओ ही तिची एकुलती एक मुलगी, तेव्हा शाळेच्या गणवेशात होती. मी त्या माणसाला घातलेल्या शिव्या सगळ्या गावाने ऐकल्या. जिचा नवरा होता तिने मात्र एकही घातली नाही.

हे मुकेपण तिला बापाकडून आलेलं. बापाचं नाव बुन्लोम. फूफानच्या डोंगरउतारावर त्याच्यासारखा गांजा पिकवणारा दुसरा नव्हता असं जुनी माणसं सांगतात. त्या काळी आमच्या भागातल्या विमानतळांवर परदेशी सैनिक होते आणि ते या गांज्याच्या काड्यांवर जीव टाकायचे. बुन्लोम बांबूची काडी तासायचा, तिच्याभोवती ओले तुरे एकावर एक बसवायचा आणि त्याच झाडाच्या सालीचा दोरा काढून वरून गच्च गुंडाळायचा. सैनिक गेले, कायदा कडक झाला आणि बुन्लोम पकडला गेला. तुरुंगातून परत आला तेव्हा लहान सोडलेली पिम्पा लग्नाला आली होती. तिथलं तो कधीच काही बोलला नाही. फक्त दाराकडे पाठ करून तो पुन्हा कुठे बसला नाही.

आणि म्हातारपणी तेच सरकार म्हणालं, लावा गांजा! ज्या पानासाठी माणसाची जवानी कोठडीत सडवली, त्याची रोपं सरकारी माणसं हसत हसत वाटू लागली आणि वर फोटो काढू लागली. माझा तर असा तिळपापड झाला होता! बुन्लोमने ते रोप हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाला, "कोंबड्यांना घाल." त्याचं स्वतःचं बी त्याच्याकडे होतं. मिरच्यांच्या आड परसात चार झाडं तो कायम राखून होता आणि माझ्या रश्श्यात पान पडायचं ते तिथलंच.

पिम्पाने रीतसर नाव नोंदवलं, परवाना काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर टांगला, घरामागच्या तुकड्यात झाडं लावली आणि रस्त्याकडच्या खोलीत दुकान थाटलं. दाराशी हिरव्या पानाची दिव्यांची पाटी. दाओ बँकॉकमध्ये एका मॉलमध्ये चपला विकायची, ती नोकरी सोडून आली. आईला फोनवर हिशेब शिकवायचा, फोटो टाकायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचं, ही तिची कामं. बोलायला घरात कोणीतरी हवंच होतं.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. दारात पोलिसांची गाडी थांबली. मी इथून बघत होते. बुन्लोम कोपऱ्यात काड्या बांधत बसला होता. गाडी दिसली मात्र, म्हातारा ताडकन उठला आणि मागच्या दाराने पळाला. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, पायात चपला नाहीत, कसाव्याच्या शेतात शिरला आणि दिसेनासा झाला. पोलीस बिचारा आईच्या गुडघ्यांना चोळायला तेल घ्यायला आला होता. दाओने हाका मारल्या, "आजोबा, अहो या ना! तेल न्यायला आलेत ते!" पण म्हातारा काही बाहेर येईना. शेवटी पिम्पा शेतात गेली. तो सरींच्या मध्ये उकिडवा बसला होता, दोन्ही हात डोक्यावर ठेवून. तिने त्याला हाताला धरून आणलं. गावाने ही गोष्ट पुढे वर्षभर हसत हसत सांगितली. मीही हसले, पण पिम्पाने ज्या तऱ्हेने त्याच्या पायांतले काटे काढले ते बघून माझं हसू आत गेलं.

धंदा म्हणाल तर पहिलं वर्ष बरं गेलं. मग ज्याच्या त्याच्या परसात गांजा झाला आणि भाव असा कोसळला की कोथिंबीर परवडली. समोरच्या वळणावर आणखी तीन हिरव्या पाट्या लागल्या आणि तिन्ही विझल्या. पिम्पाची पाटी राहिली ती बुन्लोमच्या काड्यांमुळे. खोनकेनहून तोन नावाचा एक व्यापारी यायचा, हातांवर गोंदवलेला तरुण पोरगा. म्हाताऱ्यासमोर गुडघे टेकून नमस्कार करायचा आणि सगळ्या काड्या उचलून न्यायचा. "आजोबा, असली गाठ आता कुणाला येत नाही," म्हणायचा. बुन्लोम म्हणायचा, "गाठीचं काय घेऊन बसलास. नर उपटायला शिक."

त्याचं खरं होतं. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. तुरा धरतो तो मादीला. नराची भुकटी वाऱ्याने मादीवर पडली की ती तुरा भरायचा सोडून बी भरत बसते आणि बियांचा गांजा कोणी हातात धरत नाही. पावसाळा संपत आला की बुन्लोम रोज पहाटे हात पाठीमागे बांधून रांगांतून फिरायचा. पानाच्या बगलेत पांढरे केस दिसले तर मादी, बारीक गोळ्या दिसल्या तर नर. गोळ्या दिसल्या की मुळासकट उपटून लगेच जाळायचा. एरवी मुंगीवर पाय न देणारा माणूस, पण नराला त्याने कधी दया दाखवली नाही.

बुन्लोम गेला तो उन्हाळ्याच्या तोंडावर, झोपेतच. सात भिक्षू आले, गाव जेवलं, राख देवळाच्या भिंतीत बसवली. पिम्पा रडली नाही. पण त्यानंतर तिने जे तोंड मिटलं ते मिटलंच. आधी चार शब्द बोलायची, आता तेही गेले. गिऱ्हाइकाला बोटाने दाखवायची. मी रस्ता ओलांडून जायचे, तासभर बडबडायचे, ती नुसती मान हलवायची. मला भीती वाटायला लागली होती. दाओ मला म्हणाली, "मावशी, घरात दोघी असून मला एकटं वाटतं."

त्यातच कोरियाचं निघालं. दाओने मागे बँकॉकमध्ये असताना कोरियात शेतमजुरीला जायची परीक्षा दिली होती. तिचं नाव लागलं. तिकडे प्लास्टिकच्या तंबूत काकड्या तोडायच्या, वर्षानुवर्षं. आमच्या गावातली निम्मी तरुण पोरं तिकडेच आहेत. त्यांची आईबापं नव्या बांधलेल्या घरांत एकेकटी बसलेली असतात. दाओला जायचं नव्हतं. तिला दुकानाच्या बाजूला कॉफीचं यंत्र टाकायचं होतं, बाकडी मांडायची होती. त्या दिवशी पिम्पा बोलली. माझ्या दुकानात, माझ्यासमोर बोलली. "हे पीक निघू दे. तोनने सगळं घ्यायचं कबूल केलंय. पीक विकलं की दुकान तुझं. कॉफी टाक, काय वाटेल ते टाक. जाऊ नकोस."

दाओ म्हणाली, "आणि नाही विकलं तर?"

"विकेल."

"आई, नाही विकलं तर मला जावं लागेल. बसून खाण्यासारखं आपल्याकडे काही नाही."

"विकेल म्हटलं ना," पिम्पा म्हणाली आणि उठून गेली.

म्हणजे सगळं त्या एका पिकावर येऊन ठेपलं.

पाऊस लागला आणि पिम्पाच्या अंगणात, खांबावरच्या राखणदाराच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाच्या चिमुकल्या घराखाली, गांज्याचं एक रोप आलं. कोणी लावलं नव्हतं. बुन्लोम रोज सकाळी त्या घरापुढे भाताचा गोळा आणि लाल सोड्याची बाटली ठेवायचा, नळी घालून. त्याच्या खिशातून बी पडलं असेल. मी तसं म्हटलंही. पण पिम्पा त्या रोपापुढे बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी पुढचं बोलले नाही.

राखणदाराच्या खांबाशी जे आपोआप येतं त्याला आमच्यात कोणी विचारल्याशिवाय हात लावत नाही. पिम्पाने विचारलं. गावच्या देवरुशी म्हातारीला बोलावलं. म्हातारीने ताटलीत तांदूळ पसरले, त्यावर कोंबडीचं अंडं धरलं आणि म्हणाली, "बुन्लोम, हे तुझं असेल आणि राहू द्यायचं असेल तर अंडं उभं राहू दे." हात काढला. अंडं उभं राहिलं. रस्त्यावरून ट्रक गेला, जमीन हादरली, तरी ते उभंच. पिम्पाने हात जोडले आणि म्हणाली, "बाबा, या."

मग ती बोलायला लागली. आमच्याशी नाही, त्या रोपाशी. सकाळी भात ठेवायला जायची आणि तिथेच फतकल मारून बसायची. मी चूल पेटवताना इकडून बघायचे. हात हलवून हलवून सांगायची. पिकाचं सांगायची, गुडघा दुखतो ते सांगायची, एकदा तर हसलीसुद्धा. दाओ दाराच्या आत उभी राहून ऐकायची. मी म्हटलं, चला, बाई वेडी झाली तरी मुकी तरी नाही राहिली.

झाड भराभर वाढलं, पोरीच्या खांद्याएवढं झालं. आणि पाऊस ओसरत आला तेव्हा एकदा मी पानं आणायला गेले आणि सहज त्याच्या बगलेत बघितलं. केस नव्हते. बारीक बारीक हिरव्या गोळ्या होत्या.

"पिम्पे," मी म्हटलं, "हा नर आहे."

तिने सोड्याच्या बाटलीतली नळी सरळ केली.

"अगं ऐकतेस का? नर आहे हा! तुझा बाप असता तर कधीच उपटून चुलीत घातला असता!"

"अंडं उभं राहिलंय, लामाई."

"अंडं गेलं खड्ड्यात! अजून वारा तुझ्या मळ्याकडून माझ्याकडे वाहतोय म्हणून ठीक आहे. आठ-पंधरा दिवसांत फिरेल. मग काय करशील?"

ती आत गेली आणि मच्छरदाणी घेऊन आली. बुन्लोमचीच होती ती, निळी, त्याच्या पलंगावरची. तिने ती त्या झाडावर घातली, खाली चारी बाजूंनी विटा ठेवल्या आणि दोरीने खोडाशी बांधली. दुरून बघितलं तर कोणीतरी मच्छरदाणीत उभं आहे असं वाटायचं. मी म्हटलं, "असल्या कापडातून पीठसुद्धा गळून जातं! डास अडवायच्या जाळीने भुकटी अडणार आहे?" पिम्पा म्हणाली, "बाबा आत आहेत. ते बघतील."

मी तरातरा रस्ता ओलांडून निघून आले. दाओला मात्र एकटीला गाठून सांगितलं. "पोरी, तुझ्या आईचं डोकं ठिकाणावर नाही. तूच काय ते कर." दाओ म्हणाली, "बघते मावशी." मला वाटलं, करेल. शहाणी पोर आहे.

आणि एके दिवशी सकाळी मी पातेल्यावरचं झाकण काढलं तर रस्सा स्वच्छ होता. धूळ नाही. मला आधी आनंदच झाला. मग मी समोर बघितलं. निळी मच्छरदाणी शिडासारखी फुगली होती आणि माझ्याकडून तिच्याकडे जाणारा वारा तिच्यातून आरपार घरामागे चालला होता. झाड आत जसंच्या तसं उभं होतं. कोणी काही केलं नव्हतं.

तोन आला तो कडाक्याच्या थंडीत. पिम्पाने बापासारख्या काड्या बांधल्या होत्या, दोरा तसाच गच्च. दिसायला दृष्ट लागेल असा माल. तोनने एक काडी उचलली, वास घेतला, मान डोलावली. मग अंगठ्याने तुरा चोळला. कट् असा आवाज आला. त्याने तळहात उघडला तर त्यावर दोन टपोऱ्या बिया. दुसरी काडी चोळली, तिसरी चोळली. मग तो पिम्पाकडे न बघता दाओकडे बघून म्हणाला, "ताई, हे कसं काय झालं? तुमच्याकडे?"

दाओ म्हणाली, "वारा फिरला."

"मला नाही घेता येणार. गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकेल. कुणी तेल काढणारा बघा."

जाताना त्याने बुन्लोमच्या फोटोला नमस्कार केला. पिम्पा सगळ्या काड्या परत एकेक करून टोपल्यात ठेवत होती, जणू अजून कोणी घ्यायला येणार आहे.

दाओ जायच्या आदल्या दिवशी आम्ही मनगटाला दोरे बांधले. परदेशी जाणाऱ्या माणसाचा जीव अंगातच राहावा, वाटेत कुठे भटकू नये, म्हणून पांढरा दोरा बांधतात. सगळ्या बायका आल्या, प्रत्येकीने गाठ मारली, आशीर्वाद पुटपुटला. मी म्हटलं, "तिकडे कोरियन नवरा बघ. पण जेवण बनवता येणारा बघ, नाहीतर लोणच्यावर जगावं लागेल." सगळ्या हसल्या, दाओही हसली. शेवटी पिम्पाने बांधला. तिची गाठ संपेचना. दोरा गुंडाळत होती, गुंडाळत होती, बापाने काडीवर गुंडाळावा तसा. दाओ म्हणाली, "आई, हात काळानिळा पडेल." तेव्हा थांबली.

बसथांब्यावर मी सोडायला गेले. पिम्पा आली नाही, अंगणातूनच हात केला. बस यायला वेळ होता. मला राहवेना. मी म्हटलं, "तुला सांगितलं होतं ना गं त्या झाडाचं? एका झटक्यात निघालं असतं. का नाही उपटलंस?"

दाओ बराच वेळ पिशवीचा बंद ओढत राहिली. मग म्हणाली, "दोनदा गेले होते, मावशी. एकदा तर हात घातला होता खोडाला. पण आजोबा गेल्यापासून ती माझ्याशी बोललीच नव्हती. कुणाशीच नाही. त्याच्याशी बोलायची. सकाळी आवाज यायचा तिचा, मी अंथरुणात पडून ऐकायचे. ते झाड उपटलं असतं तर पीक वाचलं असतं, मी राहिले असते. पण माझी आई परत मुकी झाली असती. मग मी राहून काय केलं असतं?"

मी तिच्या मनगटावरचे दोरे नीट करत राहिले.

"तिला सांगू नका," दाओ म्हणाली. "तिला वाटू दे की मला कळलंच नाही." बस आली. ती चढली आणि खिडकीतून त्याच दोऱ्यांच्या हाताने हात हलवत गेली. मी थांब्यावर बसून इतकी रडले की शेजारचा केळेवाला पाण्याची बाटली घेऊन आला.

पावसाळ्याच्या सुरुवातीला बँकॉकहून नवा हुकूम आला. आता डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तुरा विकायचा नाही. आमच्या गावात ताप मोजायला डॉक्टर नाही, गांज्याची चिठ्ठी कोण देणार? काल लावा म्हणाले, आज लावू नका म्हणतात. यांचं काय जातं! पिम्पाने पाटीचा दिवा मालवला. परवाना मात्र अजून भिंतीवर आहे.

हुकूम आल्यावर थोड्या दिवसांनी दुपारी मी पानं मागायला गेले. पानांना बंदी नाही, रश्श्यापुरती मिळतात. पिम्पा दुकानात जमिनीवर बसली होती. समोर काड्यांचं टोपलं. एकेक काडी सोडवायची, तुरा चुरायचा, बिया वेगळ्या करायच्या. मीही बसले आणि एक काडी ओढली. तिने मारलेली गाठ मला सुटेना.

तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "एका अर्थी सुटलीस बघ. पीक चांगलं आलं असतं आणि दाओ राहिली असती, तरी आज दुकानाला कुलूपच लागलं असतं. काय विकलं असतं तिने?"

"काही नाही," पिम्पा म्हणाली. "पण इथे असती."

मग थोड्या वेळाने, बिया निवडता निवडता, आपणहून बोलली. "नर आहे ते मला कळलं होतं, लामाई. तू बघितलंस त्याच्या आधीच."

मी हातातली काडी खाली ठेवली. "मग?"

"अंडं उभं राहिल्यावर मी कसा हात लावू? मी बाबांना बोलावलं होतं. पण दाओने कुणाला काही विचारलं नव्हतं. तिने उपटलं असतं तर बाबा रागावले नसते. नातीवर कधी रागावले ते? मी रोज सकाळी अंगणात जाताना मनात म्हणायचे, आज ते तिथे नसेल. दाओने काढलं असेल. मी थोडी रडेन आणि गप्प बसेन." तिने बिया डब्यात ओतल्या. "पण तिच्या ध्यानातच आलं नाही बिचारीच्या. शहरात राहिलेली पोर. तिला कुठे नर-मादी कळतंय?"

"मग सांगायचं होतंस तिला!" मी ओरडलेच.

"सांगितलं असतं तर मीच उपटल्यासारखं झालं असतं ना."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बसथांबा, पिशवीचा बंद, खोडाला घातलेला हात, सगळं. आयुष्यभर या रस्त्याने माझ्या तोंडाचा पट्टा ऐकला आहे, त्या दिवशी मात्र मी दात आवळून बसले. पोरीने सांगू नका म्हटलं होतं म्हणून, आणि पिम्पाकडे बघवत नव्हतं म्हणूनही. ही म्हणत होती पोरीला कळलं नाही, पोर म्हणत होती आईला वाटू दे मला कळलं नाही. आता खरं सांगून दोघींपैकी कुणाचं भलं होणार होतं?

तेवढ्यात फोन वाजला. दाओचाच. कोरियात तिची चहाची सुट्टी या वेळेला असते. पडद्यावर तिचा चेहरा दिसला, मागे प्लास्टिकचा पांढरा तंबू आणि वेलींच्या रांगा. मनगटावरचे दोरे मळून काळे झाले होते, पण सुटले नव्हते.

"आई, जेवलीस?"

"जेवले."

"काय करतेस?"

"काही नाही. लामाई आलीय." एवढं म्हणून पिम्पाने फोन माझ्या हातात दिला आणि परत टोपलं पुढे ओढलं.

दाओ हळूच म्हणाली, "मावशी, जरा बाहेर या ना." मी अंगणात आले. राखणदाराच्या घरापुढे सकाळचा भात वाळून पडला होता, लाल सोड्यात मुंग्या लागल्या होत्या. मी रोज समोरून बघते. पिम्पा येते, भात ठेवते, बाटली ठेवते आणि मान खाली घालून परत जाते. पोर गेल्यापासून तिथे तिने एक शब्द काढलेला नाही. झाड तर कधीच वाळून गेलं, निळी मच्छरदाणी घडी करून खांबाशी ठेवली आहे.

"मावशी, आई बोलते ना अजून आजोबांशी?"

वारा तिच्या घराकडून माझ्या दुकानाकडे वाहत होता. पातेल्यावर झाकण टाकायचं राहून गेलं होतं.

"बोलते गं," मी म्हटलं. "रोज बोलते."